शिळं पाणी

आमच्या घरात सहल आखायचं काम माझ्याकडे असतं. मला त्यातलं फार कळतं म्हणून नव्हे. सहल फसली तर कुणाला बोलायचं हे आधी ठरलेलं असलं की बाकीच्यांना निर्धास्त हिंडता येतं, म्हणून. नवरा तर गाडीत बसल्यावर विचारतो, आपण कुठं चाललोय, आणि त्याला ते खरोखरच माहीत नसतं.

छत्रपती संभाजीनगरला माझी बदली झाली आणि पाचेक महिन्यांत आई आमच्याकडे येणार असं ठरलं, तेव्हा मात्र हे काम मला जड गेलं. शहर मलाच नवं होतं. बँक, घर, लेकीची शाळा आणि भाजीबाजार, एवढंच माझं शहर. आणि तेवढ्या भांडवलावर मला त्याची जाहिरात करायची होती, कारण आई पाहुणी म्हणून येत नव्हती. आमच्याकडे कायमचं राहायला यायचं की नाही, हे ठरवायला ती येत होती.

बाबा गेल्यापासून ती कृष्णाकाठच्या आमच्या गावी एकटीच असायची. त्या पावसाळ्यात एकदा पहाटे ती अंगणात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण पाय असा मुरगळला की उठता येईना. शेजारच्या एका घराला कुलूप होतं, दुसऱ्या घरातली माणसं दारंखिडक्या लावून झोपलेली. दूधवाला येईपर्यंत ती तशीच पडून राहिली. हे तिनं मला सांगितलं तेही दोन दिवसांनी आणि यंदा भेंडी महाग आहे हे सांगावं त्या आवाजात. त्यानंतर मी फोनवर तिच्याशी जी भांडत सुटले, ती तिनं हो म्हणेपर्यंत थांबले नाही. हो म्हणजे तरी काय, तर येऊन बघते. करमलं तर राहीन, नाही करमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. आई शब्दाची पक्की आहे. मला एकच संधी होती.

आणि मध्ये पाणी आडवं येत होतं.

आईचं आणि पाण्याचं नातं जरा विशेष आहे. जन्म नदीकाठचा, सासरही नदीकाठचं. रात्रीचं पाणी तिच्या लेखी शिळं. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे घरातलं सगळं पाणी ओतून टाकायचं, हंडा-कळशी चिंचेनं लख्ख घासायची आणि ताजं भरायचं. फ्रीजमधल्या कालच्या भाजीला तिनं वयोमानानुसार माफ केलंय, पण कालच्या पाण्याला नाही. शिळ्या पाण्याचा चहा ती पहिल्या घोटाला ओळखते आणि कप बाजूला ठेवते.

आमच्या इमारतीत नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. कधी त्याहूनही उशिरा. धुण्याभांड्याला बोअरचं पाणी वरच्या टाकीत चढतं, त्यामुळे न्हाणीघरातले नळ इमानदारीत वाहतात. पण पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी म्हणजे नळाचं. ते ज्या दिवशी येईल त्या दिवशी घरात कुणीतरी थांबून, आपला नंबर आला की अंगणातल्या नळाला मोटार आणि पाईप लावून, स्वयंपाकघरातलं स्टीलचं पिंप आणि मागच्या गॅलरीतले दोन मोठे ड्रम भरून घ्यायचे, आणि पुढचं पाणी येईपर्यंत ते पुरवायचे. आईच्या हिशेबानं आम्ही सहा दिवस विष पीत होतो.

तेव्हा मी ठरवलं की हे तिला कळू द्यायचं नाही. गॅलरीतल्या ड्रमांवर जुन्या चादरी टाकल्या आणि वर वाळवणाची ताटं ठेवली. चौथीतल्या लेकीला बजावलं की आजीपुढे पाण्याचा विषय काढायचा नाही. तिला खोटं बोलायची अधिकृत परवानगी आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती, त्यामुळे ती फार मन लावून तयारीला लागली. नवरा म्हणाला, या शहरात लोक लेणी बघायला जगभरातून येतात आणि आपण नळ झाकतोय. मी त्याला म्हटलं, आई माझी आहे. त्यावर त्यानं चादरीचं दुसरं टोक धरलं, म्हणजे त्याला पटलं असं नाही.

मग मी सहलीकडे वळले. आई आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तिला शहर असं दाखवायचं की तिनं गाडीतच होकार द्यावा, असा बेत होता. बँकेत सल्ला मागितला, तर सल्ल्यांचा पाऊस पडला. गंमत अशी, की सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीही शाळेच्या सहलीनंतर ती ठिकाणं पाहिली नव्हती. अजिंठा आधी बाद झाला. फर्दापूरला गाडी सोडायची, पुढं दुसऱ्या बसनं जायचं आणि मग पायऱ्या, हे आईच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. दौलताबादचा किल्ला तर चढायच्या विचारानंच मला धाप लागली. शेवटी ठरलं ते असं: सकाळी वेरूळ, मग खुलताबादचा निद्रिस्त मारुती, परतताना छावणीवरून पाणचक्की आणि संध्याकाळी शहागंजात थोडी खरेदी. मध्ये चहा, मध्ये आईला टेकायला जागा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून.

पाणचक्कीचा समावेश करताना मला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. परतताना शहरात शिरल्या शिरल्या आईला भरपूर पाणी पडताना दिसेल, एवढाच त्यामागे विचार. उरला प्रश्न टँकरचा. रस्त्यात जागोजाग पाण्याचे टँकर दिसले, की आई विचारणारच. म्हणून गाडी ठरवताना मी ड्रायव्हरला सांगितलं, बरोबर आई आहे, टँकर लागणार नाहीत अशा रस्त्यानं न्या. 

"मॅडम, टँकर नाय असा रस्ता या गावात नाय," तो म्हणाला. "तुम्ही दुसरीकडं बघायला सांगा त्यांना."

आई गुरुवारी आली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. ती घरात हिंडत होती, नातीच्या वेण्या घालत होती, खिडकीतून खाली बघत होती. आराम कर म्हणत मी तिला ओट्यापाशी फिरकू देत नव्हते. चहा मात्र ती अर्धाच पीत होती. मी विचारलं तर म्हणाली, प्रवासानं तोंडाला चव नाही. समोरच्या दारातल्या मावशी जिन्यात भेटल्या, तर मी आईची त्यांच्याशी ओळख करून दिली आणि ताबडतोब आत ओढून नेली. मावशी मूळच्या सिल्लोडकडच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या, आणि इमारतीत कुणाची मोटार कधी लागायची हे त्यांच्या शब्दावर चालायचं. त्या पाण्याशिवाय दुसऱ्या कशावर बोलतच नसत.

रविवारी पहाटे घासण्याच्या आवाजानं मला जाग आली.

स्वयंपाकघरात गेले. पिंप उपडं करून ठेवलेलं होतं, आरशासारखं चकचकीत. मागच्या गॅलरीत चादरींच्या नीट घड्या घातलेल्या होत्या आणि दोन्ही ड्रम आडवे पडले होते. गॅलरी धुतलेली, दारापुढचा जिना धुतलेला, कुंड्यांतून पाणी ओसंडलेलं. आई नव्या लुगड्याचा ओचा खोचून, हातात घासणी घेऊन समाधानानं उभी होती. सहलीच्या दिवशी मला घाईगर्दी नको म्हणून ती पहाटेच उठली होती आणि बादली बादलीनं तिनं आमचं आठवड्याचं पाणी उपसून टाकलं होतं.

"किती दिवसांचं शिळं साठवलंयस गं," ती म्हणाली. "तरीच म्हटलं चहा असा का लागतो. सगळं घासून ठेवलंय. आता ताजं भरून घे, म्हणजे निघायला मोकळे."

आणि तिनं कौतुकानं स्वयंपाकघरातला नळ सोडला. नळानं एकदा घसा खाकरला आणि तो गप्प बसला.

शांतपणे सांगायला हवं होतं. पण माझा स्वभाव तसा नाही. मी ओरडले. पाणी रोज येत नाही, आठवड्यातून एकदा येतं, कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि तू ओतलंस ते पाणी आम्ही मोजून मापून वापरतो, हे सगळं मी एका दमात बोलून टाकलं. पाच महिन्यांचा राग होता, तो बँकेवर, बदलीवर आणि नळावर काढायचा राहिलेला; तो सगळा आईच्या वाट्याला आला. लेक झोपेतून उठून दारात उभी होती. ती मोठ्या माणसासारखी म्हणाली, मी काही सांगितलेलं नाही हं.

आई स्टुलावर बसली. घासणी तिच्या हातातच होती.

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "म्हणजे तुला वाटलं, मी नळ बघून ठरवणार?"

हो, वाटलं, असं मी म्हटलं. तिला कालच्या पाण्याचा चहासुद्धा चालत नाही, मग इथलं हे कळल्यावर ती दुसऱ्या दिवशीची गाडी पकडणार, हे मला वाटणार नाही तर काय, असंही म्हटलं. बोलताना ते अगदी बरोबर वाटत होतं.  आई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, रिकाम्या पिंपाकडे बघत होती, आणि मला कळलं की संपलं. ती परत जाणार. आणि पुन्हा कधीतरी पहाटे अंगणात पडली, तर मला ते दोन दिवसांनी फोनवर कळणार.

तेवढ्यात दारात मावशी. त्या खाली गेल्या होत्या, तिथून जिन्यावरून वाहत आलेलं पाणी बघत बघत वर आल्या होत्या.

"कोण धुवायलंय जिना नळाच्या पाण्यानं?" त्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं. "पाणी लई झालंय का तुमच्यात?"

झालेला प्रकार नवऱ्यानं सांगितला. मावशींनी आईकडे पाहिलं, आडव्या ड्रमांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, माझी बाजू घेणार.

"आईला सांगायचं नाय व्हय?" त्या म्हणाल्या. "पाणी हाय ते. चोरीचा माल हाय का चादरीखाली लपवायला?"

मग त्यांनी बातमी दिली. आज दुपारनंतर पाणी सुटेल असं वाटतंय. खात्री नाही, पण कुणीतरी घरी थांबायला पाहिजे. खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी म्हटलं, सहल रद्द, मी थांबते. आई उठली आणि घासणी जागेवर ठेवली.

"पाणी मी सांडलं, मी भरीन," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या."

मी वाद घातला. आई ज्या आवाजात 'जाऊन या' म्हणाली होती, त्यापुढे लहानपणापासून माझं कधी चाललेलं नाही, तेव्हाही चाललं नाही. मोटारीचं बटणही तिला माहीत नाही, हा माझा शेवटचा मुद्दा. त्यावर मावशी म्हणाल्या, मी हाय ना. नवऱ्यानं दशम्यांचा डबा उचलला आणि मला जिन्यात हळूच सांगितलं की आता आणखी एक शब्द बोलू नकोस. अशा रीतीनं, जिच्यासाठी सहल होती ती घरी राहिली आणि आम्ही तिघं तिच्यासाठी आखलेल्या सहलीला निघालो.

ड्रायव्हरनं आरशातून बघत विचारलं, तुमच्या आई कुठायत? पाणी भरतायत, नवरा म्हणाला. वाटेत टँकर इतके लागले की लेक ते मोजू लागली, आणि आता तिला गप्प करायचं काही कारण उरलं नव्हतं.

वेरूळचं कैलास लेणं मी पाहिलं असं म्हणता येईल, कारण मी त्याच्यासमोर उभी होते. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय असं नवरा लेकीला सांगत होता. मी आईला फोन लावत होते. ती उचलत नव्हती. खुलताबादला मारुतीपुढे नमस्कार करताना देखील मी फोन कानाला लावलेला होता, आणि पुजाऱ्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तो खाली घेतला. आई बॅग भरत असणार. उद्याच्या गाडीचं तिकीट काढून द्यायला तिनं मावशींना सांगितलंही असेल. दुपारी गाडीतच दशम्या खाल्ल्या. चटणी आईनं कुटलेली होती. मी माझी दशमी लेकीच्या हातात ठेवली.

पाणचक्की माझ्या खास आग्रहाखातर यादीत होती, त्यामुळे ती टाळता येईना. भिंतीवरून पाणी हौदात पडत होतं. लोक त्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. एक गाइड सांगत होता की कैक मैलांवरच्या डोंगरातलं पाणी त्या काळी जमिनीखालून, मातीच्या नळांतून इथवर आणलं, आणि ते अजून येतंय. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मी हौदाच्या कडेला बसून त्या पाण्याकडे बघत राहिले, आणि खरं सांगते, मला त्याचा संताप आला. इतक्या वर्षांपूर्वीचं पाणी वेळेवर येतंय आणि माझ्या आईपुढे माझा नळ खाकरतोय.

तेवढ्यात फोनवर इमारतीच्या ग्रुपचा निरोप आला: पाणी आले. त्याखाली पाच-सहा जणांचे हात जोडलेले. शहागंज गेलं उडत, मी ड्रायव्हरला घरी चला म्हटलं.

फाटकातून आत शिरलो, तर अंगणात पाईपांचं जाळं पसरलेलं होतं. मोटारी घुमत होत्या. वरच्या गॅलऱ्यांतून बायका ओरडून विचारत होत्या, झालं का, लावू का. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, नळाच्या तोंडाशी, माझी आई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिंब, एका हातात आमचा पाईप घट्ट धरलेला. दुसरा हात ती दुसऱ्या मजल्यावरच्या बाईकडे रोखून काहीतरी ठणकावून सांगत होती. मावशी शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि मधूनमधून नुसत्या 'व्हय' म्हणत होत्या. माझी आई भांडत होती. गावी तिला भांडताना मी शेवटचं कधी पाहिलं, मला आठवेना.

मी जवळ गेले आणि पाईप घ्यायला हात पुढं केला. तिनं तो दिला नाही. भिजशील, म्हणाली, वर जा, चहा टाक, ताजं पाणी भरलंय.

चहा तिनं पूर्ण प्यायला. मावशीही आल्या होत्या. दोघी स्वयंपाकघरातच बसल्या होत्या, ओल्या पायांनी, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईचा हिशेब चालू होता. मावशी गेल्यावर मी कप विसळत, पाठमोरी राहूनच म्हटलं, सकाळचं माझं चुकलं, तू ठरवशील ते, परत जायचं असेल तर उद्या मी स्वतः सोडायला येते. 

"तिथं मी अंगणात पडले," ती म्हणाली, "तर दूधवाला येईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. इथं जिन्यावर पाणी सांडलं, तर पाच मिनिटांत बाई भांडायला दारात."

 मी वळून पाहिलं, तर ती दोन्ही पाय पदरानं पुसत होती.

"पुढच्या पाण्याला मला इथं असलंच पाहिजे," ती म्हणाली. "आज माझा नंबर असताना त्या वरचीनं मध्येच पाईप लावला. बघते तिच्याकडे."

आता दोन वर्षं होऊन गेलीत. पाणी अजून आठवड्यानंच येतं. 'पाणी आले' हा निरोप आता बहुतेक वेळा आईच टाकते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाई तिच्याकडून लोणच्याचा मसाला नेतात. रात्रीच्या तांब्यात उरलेलं पाणी ती अजूनही सकाळी तुळशीला घालते. तेवढंच शिळं ती टाकते, आणि मी ते बघत नाही.

वेरूळ मात्र तिचं राहूनच गेलं. मी रविवार ठरवते, गाडी सांगते, दशम्यांची तयारी करते. शनिवारी संध्याकाळी आई मावशींच्या दाराशी जाऊन येते आणि सांगते की उद्या पाणी सुटायचा संभव आहे, तुम्ही जाऊन या, लेणी कुठं पळून चाललीत. मागच्या खेपेला मी गाडी रद्द केली आणि तिच्याबरोबर पाईप धरून अंगणात उभी राहिले.